फूल कलमाचं, बुंधा बियाचा

अडेनियम घ्यायला रोपवाटिकेत जाणारे बहुतेक जण फूल पाहून झाड उचलतात. दुपदरी पाकळ्या, गर्द लाल कडा, आत पिवळसर छटा असं काही दिसलं की हात पुढे होतो. वर्ष-दोन वर्षांनी तक्रार सुरू होते, ‘फुलं येतात, पण बुंधा काही फुगत नाही.’ यात झाडाचा दोष नसतो. फूल आणि बुंधा या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाटांनी मिळतात, हे विकत घेताना कुणी सांगितलेलं नसतं, इतकंच. हव्या त्या फुलाची जात जशीच्या तशी टिकवायची तर कलम करावं लागतं. रेखीव, फुगीर बुंधा मात्र बियापासून नीट वाढवलेल्या रोपालाच येतो. कलमाच्या झाडाचा बुंधा असतो तो खालच्या खुंटाचा, आणि तो खुंट घाईने, पिशवीत दाटीवाटीने वाढवलेला असेल तर वरचं फूल कितीही देखणं असलं तरी खाली काठीच राहते.

फुगीर बुंध्याच्या झाडांना हौशी मंडळी ‘कॉडेक्स’ची झाडं म्हणतात. त्यांत पॅचिपोडियम आहे, डॉर्स्टेनिया आहे, अडेनिया आहे. पण आपल्या हवेत, गच्चीवर आणि गॅलरीत सुरुवात करायला अडेनियमइतकं सोयीचं दुसरं झाड नाही. त्याचे संकर घरच्या घरी करता येतात आणि त्यांतून खरोखरच इतर कुणाकडे नसलेलं झाड तयार होऊ शकतं. म्हणून या लेखात भर त्याच्यावर आहे.

कुळ कण्हेरीचं

अडेनियम हे कण्हेर, चाफा, तगर, सदाफुली यांच्या कुळातलं झाड. डॅनिश मोहिमेबरोबर अरबस्तानात गेलेला निसर्गशास्त्रज्ञ पीटर फोर्स्कल याने येमेनमध्ये ते पाहिलं आणि त्याला कण्हेरीच्याच प्रजातीत घातलं. फोर्स्कल १७६३ मध्ये येमेनमध्येच वारला. त्याच्या नोंदी १७७५ मध्ये छापल्या त्या मोहिमेतून एकटाच जिवंत परतलेल्या कार्स्टेन नीबूर याने. हा नीबूर येमेनहून पुढे मुंबईला आला होता आणि घारापुरीच्या लेण्यांची मोजमापं व चित्रं त्याने काढली होती. अडेनियम ही स्वतंत्र प्रजात मानली गेली ती १८१९ पासून. नाव एडन बंदरावरून पडलं.

कण्हेरीशी असलेलं हे नातं लक्षात ठेवण्याचं व्यावहारिक कारण आहे. कण्हेरीचा चीक जसा विषारी, तसाच अडेनियमचाही. त्यात हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी द्रव्यं असतात आणि आफ्रिकेत शिकारीच्या बाणांना लावण्यासाठी त्याचा वापर होत आला आहे. छाटणी करताना हातमोजे घाला, डोळ्यांना हात लावू नका, काम झालं की साबणाने हात धुवा. छाटलेल्या फांद्या गुरांपुढे किंवा कुत्र्या-मांजरांच्या वाटेत टाकू नका.

संकरात काय मिळतं?

काही अभ्यासक अडेनियमच्या सगळ्या रूपांना एकाच जातीचे उपप्रकार मानतात, काही त्यांना वेगळ्या जाती मानतात. लागवड करणाऱ्याला त्या वादाशी देणंघेणं नाही. त्याला हवेत ते त्यांचे गुण.

ओबेसम लवकर वाढतं, मोठी फुलं देतं आणि आपल्याकडे सर्वाधिक हेच दिसतं. अरेबिकम येमेन आणि सौदी अरबस्तानातलं. बुटकं, रुंद, बुडापासूनच अनेक फांद्या काढणारं. बुंध्याच्या हौशींचं हे आवडतं झाड. पूर्व आफ्रिकेतलं सोमालेन्स उंच, निमुळत्या खोडाचं आणि अरुंद पानांचं. इस्वातिनी भागातलं स्वाझिकम गुलाबी-जांभळट फुलं दीर्घकाळ देतं. दक्षिण आफ्रिकेतलं मल्टिफ्लोरम थंडीत पानं टाकून निष्पर्ण फांद्यांवर फुलतं. सोकोत्रा बेटावरच्या सोकोट्रॅनमचा बुंधा सर्वांत भव्य, पण वाढ फार सावकाश आणि फुलण्याची घाई मुळीच नाही.

संकर करताना एकाचा बुंधा आणि दुसऱ्याचं फूल एकत्र आणण्याचा प्रयत्न असतो. अ‍ॅरिझोनातले मार्क डिमिट यांनी ओबेसम, स्वाझिकम, सोमालेन्स अशा जातींचे संकर करून लांब बहर देणारी झाडं तयार केली. थायलंडमधल्या बागायतदारांनी अरेबिकममधून निवड करत बुंध्याचे घाट घडवले आणि तैवानने दुपदरी-तिपदरी फुलांचा बाजार उभा केला. आपल्याकडे येणारा बराचसा माल या दोन देशांतल्या वाणांच्या वंशातला असतो.

इथे एक सावधगिरी. ‘थाई सोकोट्रॅनम’ किंवा ‘थाई सोको’ या नावाने विकली जाणारी झाडं सहसा सोकोत्रा बेटावरची नसतात. ती अरेबिकमच्या वंशातली असतात. झाड म्हणून ती उत्तम आहेत, फक्त खऱ्या सोकोट्रॅनमची किंमत देऊन घेण्याचं कारण नाही.

अडेनियमपलीकडे जायचं असेल तर दोन पर्याय सांगतो. मादागास्करमधलं पॅचिपोडियम ब्रेव्हिकॉले म्हणजे जमिनीवर पसरलेला बटाटाच वाटावा असं झाड. अतिशय हट्टी आणि संथ. त्याचा डेन्सिफ्लोरमशी केलेला संकर ‘डेन्सिकॉले’ नावाने मिळतो. तो बसका राहतो, पिवळी फुलं देतो आणि मूळ ब्रेव्हिकॉलेपेक्षा पुष्कळ सोसतो. ज्यांच्या घरात ऊन कमी आहे त्यांनी डॉर्स्टेनिया फीटिडा लावावी. ही वड-फणसाच्या कुळातली. पिकलं की तिचं फळ बी उडवतं आणि शेजारच्या कुंड्यांत रोपं उगवतात. क्रिस्पासारख्या जवळच्या जाती बाजूला असतील तर आपोआप संकर होतात. शुद्ध जात ठेवायची असेल तर कुंडीवर जाळी घाला.

खरेदी करताना

फूल हवंय की बुंधा, हे घरून ठरवून निघा. फूल हवं असेल तर कलमाचा जोड पाहा. तो बुंध्याच्या जवळ, सर्व बाजूंनी भरून आलेला असावा. जोडाखालून फुटलेल्या फांद्या खुंटाच्या असतात. त्या ठेवल्या तर काही महिन्यांत साधं गुलाबी फूल सगळं झाड व्यापतं. त्या दिसताच काढून टाका.

बुंधा हवा असेल तर बियापासून केलेलं, वर्षभराचं रोप घ्या. फांदी लावून केलेल्या झाडाला मुळं जाड होतात, पण बियाच्या रोपासारखा एकसंध फुगवटा सहसा येत नाही. रोपाचा बुंधा अंगठ्याने दाबून पाहा. तो कच्च्या कैरीसारखा कडक लागला पाहिजे. पावसाळ्यात खरेदी टाळा, कारण सड आत सुरू झालेली असली तरी बाहेरून आठ-पंधरा दिवस कळत नाही.

ऑनलाइन निळ्या फुलांच्या अडेनियमचं बी विकलं जातं. निळं अडेनियम अस्तित्वात नाही. आणि दुपदरी फुलाच्या फोटोखाली विकलेल्या बियातून तसंच फूल येईल, याची हमी कुणीच देऊ शकत नाही. संकराच्या बियाचं प्रत्येक रोप वेगळं निघतं. विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा, ‘याचे आईबाप कोण?’ उत्तर मिळालं तर जास्त पैसे द्यायला हरकत नाही.

माती आणि कुंडी

या झाडांना गरीब माती लागते असं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. त्यांना लागते ती पाणी पटकन सोडणारी आणि मुळांशी हवा खेळती ठेवणारी माती. शेतातली काळी माती इथे चालत नाही. ती ओली झाली की चिकटते आणि वाळली की मुळं आवळते.

घरगुती मिश्रणासाठी आकारमानाने चार भाग जाडसर घटक घ्या: सिंडर, विटांचा चुरा, जाड वाळू, परलाइट यांपैकी जे मिळेल ते. दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि मूठभर निंबोळी पेंड. जाडसर घटक चाळून घ्या. ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्यापर्यंतचे तुकडे ठेवा, खाली पडलेली भुकटी टाकून द्या. हे चाळणं कंटाळवाणं आहे, पण कुंडीत पाणी साचतं ते बहुतेक वेळा या भुकटीमुळेच. कोकण-मुंबईत कोकोपीट निम्मं करा. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ते थोडं जास्त असलं तरी चालतं.

कुंडी पसरट आणि उथळ घ्या, मातीची असेल तर उत्तम. बुंध्याच्या कडेपासून कुंडीच्या काठापर्यंत दोन-तीन बोटं जागा पुरे. फार मोठ्या कुंडीत माती दिवसेंदिवस ओली राहते. तळाला एकाऐवजी तीन-चार भोकं हवीत आणि कुंडी विटांच्या तुकड्यांवर उचललेली हवी, म्हणजे गच्चीवरच्या पाण्यात तिचं बूड भिजत नाही.

ऋतूंप्रमाणे वागा

अडेनियमचं वेळापत्रक आपल्या ऋतूंशी छान जुळतं, फक्त पावसाळा सोडून.

फेब्रुवारीच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत वाढीचा काळ. छाटणी, कुंडी बदलणं, कलम, पेरणी ही सगळी कामं याच दिवसांत. झाडाला किमान सहा तास थेट ऊन द्या. वरची इंचभर माती कोरडी झाली की भरपूर पाणी द्या, तळातून वाहून जाईपर्यंत. कडक उन्हात गच्चीवर हे रोज किंवा एक दिवसाआड करावं लागेल. ‘निवडुंगासारखं झाड, त्याला कशाला पाणी’ या समजुतीमुळे कित्येक अडेनियम उपाशीच राहतात. पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ खत लिटरला एक ग्रॅम या मापाने पंधरा दिवसांतून एकदा पुरेसं. फुलं हवी असतील तर छाटणीनंतर नवी फूट पक्की झाल्यावर ०:५२:३४ चे एक-दोन हप्ते द्या. नत्राचा मारा केला तर फांद्या लांबतात आणि फूल मागे पडतं.

जून ते सप्टेंबर झाडं छपराखाली घ्या. पारदर्शक प्लॅस्टिकचं आच्छादन उत्तम. उजेड मिळतो, पाऊस लागत नाही. बाजू मोकळ्या ठेवा, वारा फिरला पाहिजे. एखादी सर लागली म्हणून झाड मरत नाही. मरतं ते संततधारेत ऊन न मिळता भिजत राहिल्याने. या काळात खत बंद, पाणी माती पाहूनच.

ऑक्टोबरमध्ये ऊन परतलं की पुन्हा एक बहर येतो. डिसेंबर-जानेवारीत पुणे, नाशिक, नागपूरकडे रात्रीचं तापमान १०-१२ अंशांवर आलं की पानं पिवळी पडून गळतात. ही झाडाची विश्रांती आहे, आजार नाही. पाणी दहा-पंधरा दिवसांतून एकदा, तेही सकाळी. घाबरून पाणी वाढवलं की थंड, ओल्या मातीत मुळं सडतात. मुंबई-गोव्यात बहुतेक झाडं पानं धरूनच राहतात. तिथे पाणी फक्त थोडं कमी करा.

बुंधा घडवताना

बुंधा फुगतो तो ऊन, पाणी आणि मुळांना पसरायला मिळालेली जागा यांच्या जोरावर. त्याला आकार द्यायचं काम मात्र आपलं.

रोप पाच-सहा महिन्यांचं झालं की ते उपटून सोटमूळ पाहा. पसरट, बसका बुंधा हवा असेल तर धारदार, स्पिरिटने पुसलेल्या पात्याने सोटमूळ बुंध्याच्या फुगवट्याखाली आडवं कापा. चीक पाण्याने धुऊन, कापलेल्या जागेला कॉपर ऑक्सिक्लोराइड लावून रोप चार-पाच दिवस सावलीत वाळू द्या. मग एखादी जुनी सीडी किंवा सपाट चकती मातीवर ठेवून तिच्यावर रोप बसवा आणि बाजूची मुळं चारही दिशांना फाकवून माती घाला. खाली जायची वाट बंद झाल्याने मुळं आडवी जाड होत जातात. पुढच्या वर्षी ही मुळंच बुंध्याचा भाग बनतात.

दर वर्ष-दीड वर्षाने कुंडी बदलताना झाड आधीपेक्षा एक-दोन सेंटिमीटर वर बसवा, म्हणजे मातीखालचा जाड भाग हळूहळू उघडा होतो. एकदम फार उचलू नका. मातीत वाढलेली साल कोवळी असते आणि उन्हाने भाजते; भाजलेला डाग कायमचा राहतो. उघडा भाग पहिले दोन-तीन आठवडे ओल्या शेवाळाने किंवा सुतळीच्या कापडाने झाकून ठेवा. कुंडी हलवण्याआधी तिच्या दक्षिणेकडच्या बाजूवर खूण करा आणि नंतर ती बाजू पुन्हा दक्षिणेलाच ठेवा.

छाटणीत जीव अडकतो, पण ती लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्या फांद्या बुंध्यापासून दोन-तीन इंचांवर कापल्या की प्रत्येक टोकाला दोन-तीन फुटी येतात. फुलं नव्या फुटीच्या शेंड्यावरच येत असल्याने जितके शेंडे, तितका बहर.

स्वतःचा संकर करायचा तर

हा या छंदातला सर्वांत आनंदाचा भाग. अडेनियम बहुधा स्वतःच्याच परागाने फळत नाही, त्यामुळे वेगवेगळ्या बियांपासून आलेली दोन झाडं लागतात. एकाच वाणाची दोन कलमं म्हणजे झाड एकच धरायचं. आईसाठी एकपदरी फुलाचं, निरोगी आणि चांगल्या बुंध्याचं झाड निवडा. दुपदरी फुलांत शेंग धरणं अवघड असतं, पण त्यांचे पराग मिळाले तर बाप म्हणून ती उपयोगी पडतात.

आदल्या एक-दोन दिवसांत उमललेलं फूल घ्या. बापाच्या फुलाची नळी ब्लेडने उभी चिरून उघडा. आत तळाशी पाच पुंकेसर एकमेकांना चिकटून शंकू करून उभे दिसतील. त्यांच्या टोकांना केसाळ दोरे असतात. सुईने एक पुंकेसर बाजूला काढला की शंकूच्या आतल्या अंगाला, वरच्या भागात, पिवळसर पांढरे पराग भुकटीच्या गोळीसारखे साठलेले असतात. बारीक कुंचल्याचं किंवा दातकोरणीचं टोक किंचित ओलं करून ते उचला.

आता आईचं फूल. इथे बहुतेकांचा प्रयत्न फसतो, कारण पराग वरून टाकून उपयोग होत नाही. परागकण स्वीकारणारा भाग कुक्षीच्या वरच्या टोकावर नसून तिच्या खालच्या बाजूला, गळपट्टीच्या खाली असतो. म्हणून आईच्या फुलाची नळीही एका बाजूने कापा, एक-दोन पुंकेसर काढून टाका आणि उघड्या पडलेल्या कुक्षीच्या खालच्या भागाला पराग हलके टेकवा. फुलाला कागदी चिठ्ठी बांधा. हे काम सकाळी करा, आणि त्या फुलाला दोन दिवस पाणी लागू देऊ नका.

जमलं असेल तर पाकळ्या गळल्यावरही देठ हिरवा राहतो आणि काही दिवसांत त्यातून जोडशेंग वर येते. ती पिकायला साधारण दोन ते चार महिने लागतात. शेंग फुगली की तिला दोरा गुंडाळा किंवा मलमलची पिशवी बांधा. बियाच्या दोन्ही टोकांना रेशमी केसांचे झुबके असतात. शेंग दुपारच्या उन्हात तडकली की बी वाऱ्यावर जातं.

नोंद ठेवा. आईचं नाव आधी, मग गुणिलेचं चिन्ह, मग बापाचं नाव आणि तारीख, अशी पद्धत आहे. चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने लिहा. मार्करची शाई एका उन्हाळ्यात उडते. नोंद नसलेला संकर चार वर्षांनी कितीही सुंदर निघाला तरी पुन्हा करता येत नाही.

पेरणी

बी जितकं ताजं तितकं चांगलं. काही महिन्यांतच उगवण घटते. मार्च ते मे हा काळ सर्वांत योग्य. बी कोमट पाण्यात दोन-तीन तास भिजवा. परलाइट किंवा जाड वाळू आणि कोकोपीट समप्रमाणात घेऊन ट्रे भरा, बी आडवं ठेवा आणि वर जेमतेम झाकेल इतकाच थर द्या. उन्हाळ्यातल्या उबेत तीन ते सात दिवसांत रोपं वर येतात.

पहिले दोन आठवडे मर रोगाचे. माती ओलसर असावी, चिंब नको, आणि ट्रेवर हवा खेळती हवी. चार पानं आली की सकाळचं ऊन, महिन्याभरात पूर्ण ऊन. सावलीत लाडाने वाढवलेलं रोप उंच काटकुळं होतं आणि तो दोष पुढे सहजी निघत नाही. जूनपर्यंत रोपं इतपत जाड व्हायला हवीत की आच्छादनाखाली पावसाळा काढतील. म्हणूनच पेरणीला मे संपू देऊ नये.

चांगली निगा असेल तर पहिलं फूल वर्ष-दीड वर्षात दिसू शकतं. शंभरातली बहुतेक रोपं साधीच निघतील. ती टाकू नका. त्यांतले उत्तम बुंधे निवडा, कारण तेच उद्याचे खुंट.

आणि मग कलम

दोन-तीन वर्षांचा, घाटदार बुंधा तयार झाला की त्याच्या फांद्यांवर हव्या त्या फुलाची कलमं बांधा. मार्च-एप्रिलची कोरडी ऊब याला उत्तम. खुंटाची फांदी आडवी सपाट कापा. तितक्याच जाडीची, दोन-तीन इंचांची कलमकाडी घेऊन तीही सपाट कापा आणि दोन्ही काप एकमेकांवर नीट बसवा. सालीखालचा हिरवा थर किमान एका बाजूने जुळला पाहिजे. वरून छोटी प्लॅस्टिकची पिशवी घालून ती जोडाखाली घट्ट बांधा, म्हणजे काडी खाली दाबून राहते आणि सुकतही नाही. झाड पंधरा दिवस सावलीत ठेवा, माती कोरडीच असू द्या. काडीतून हिरवे कोंब दिसले की पिशवी सोडा. बारीक फांदीवर पाचर कलमही चालतं. एका बुंध्यावर चार रंग बांधणारे आहेत, पण जोरकस वाण इतरांना दाबून टाकतो; एका झाडावर एकच फूल जास्त शोभतं.

सड ओळखा, कीड ओळखा

बुंधा मऊ लागला की लोक एकतर पाणी ओततात किंवा झाड फेकून देतात. आधी अंगठ्याने सगळीकडून दाबून पाहा. तहानलेला बुंधा चहूबाजूंनी सारखाच मऊ लागतो, सालीवर बारीक सुरकुत्या येतात, माती कोरडी ठणठणीत असते. दोन-तीन वेळा नीट पाणी दिलं की आठवड्याभरात तो पुन्हा टणक होतो. सडलेला बुंधा एकाच जागी, बहुधा मातीलगत, दबतो. माती ओली असते, पानं पिवळी पडतात, आणि जोर दिला तर तपकिरी पाणी येऊन कुजका वास सुटतो.

सड असेल तर त्याच दिवशी झाड उपटा. सडका भाग कापत जा, दर कापानंतर पातं स्पिरिटने पुसा. स्वच्छ पांढरट गर दिसेपर्यंत थांबू नका; तपकिरी ठिपका किंवा कडं राहिलं तर सड पुन्हा चालू होते. मग कॉपर ऑक्सिक्लोराइडची पेस्ट लावून झाड सावलीत, वाऱ्यावर आठ-पंधरा दिवस टांगून ठेवा. पाणी नाही म्हणून जीव घाबरा करू नका, बुंध्यात पुरेसा साठा असतो. काप खडखडीत वाळला की कोरड्या मिश्रणात लावा आणि आठवड्याने पहिलं पाणी द्या.

किडींत पिठ्या ढेकूण, लाल कोळी आणि कळ्यांवरचा पिवळा मावा नेहमीचे. लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा द्रव साबण यांची फवारणी संध्याकाळी करा. लाल कोळ्यासाठी पानांच्या खालच्या बाजूवर. एका रात्रीत फांदीची पानं नाहीशी झाली आणि कुंडीभोवती जाड काळ्या लेंड्या दिसल्या, तर कण्हेरीवरच्या पतंगाची अळी शोधा. ती बोटभर लांब, हिरवीगार, डोक्यामागे निळे-पांढरे डोळ्यांसारखे ठिपके असलेली असते. औषधाची गरज नाही. हाताने उचलून बाहेरच्या कण्हेरीवर सोडा.

डोंगरातलं डोंगरात राहू द्या

दुर्मीळ झाडांच्या छंदाला एक काळी बाजू आहे, ती म्हणजे रानातून खणून आणलेल्या झाडांचा व्यापार. पॅचिपोडियमची सारी प्रजात अशा व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराखाली येते आणि भारत १९७६ पासून त्याचा सदस्य आहे. परदेशातून झाड किंवा बी मागवताना २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात परवाना आणि निर्यातदार देशाचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. पाकिटात लपवून येणाऱ्या मालाबरोबर रोगही येतात, म्हणून हा नियम.

आपल्या सह्याद्रीतही जमिनीखाली कंद किंवा गड्डा धरणाऱ्या देखण्या वनस्पती आहेत. अडेनियमच्याच कुळातली कंदीलपुष्पं, पाचगणी आणि खंडाळ्याची नावं लाभलेले युफोर्बिया ही त्यांतली काही. यांतल्या अनेक जाती थोड्याच सड्यांवर आणि कड्यांवर उरल्या आहेत. त्या खणून आणलेल्या कुंडीत फार जगत नाहीत आणि डोंगरावरून मात्र कायमच्या जातात. असा कंद कुणी विकत असेल तर घेऊ नका; मागणी थांबली की खणणंही थांबतं.

घरच्या गच्चीवर, एका शेंगेतून निघालेल्या बियांतून, आजवर कुणाकडेच नसलेलं झाड वाढवता येतं. दुर्मीळ झाड मिळवण्याचा यापेक्षा स्वस्त आणि स्वच्छ मार्ग नाही. दोन चांगली एकपदरी झाडं, एक चाळणी आणि चार वर्षांची तयारी एवढं जवळ असेल, तर येत्या मार्चमध्ये सुरुवात करा.